न मागता

“बाई, तुम्हाला या कामाचा कंटाळा नाही येत?”

ताईने विचारलं आणि दाराआड तिच्या दोन मैत्रिणींनी तोंडात रुमाल कोंबले. बाईंना हे विचारून दाखवायची पैजच लागली होती. मुलांना बोलायला शिकवणारे शिक्षक विद्यापीठाच्या या विभागात तयार होत, आणि त्यांच्या या बाईंसमोर भलेभले चळचळा कापत.

“येतो की,” बाई चष्मा पुसत म्हणाल्या. “सकाळपासून बसून पाठ भरून आलीय. आणखी काही?”

ताईने पाठीमागे हात करून मैत्रिणींना पिटाळलं.

आई-बाबा कामावर, म्हणून धाकट्या ठकीला दर आठवड्याला इथे आणणं ताईकडे. पाच वर्षांच्या ठकीला ऐकू येई, सगळं समजे, पण तोंडातून शब्द म्हणून फुटत नसे. आज तिला शिकवून दाखवायची एका शिकाऊ मुलीची परीक्षा होती. बाई काचेपलीकडे बसल्या, ताई खोलीतच कोपऱ्यात.

शिकाऊ मुलीने साबणाचे फुगे उडवले. ठकी खुदकन हसली. मग मुलीने बाटलीचं झाकण घट्ट लावून ती ठकीच्या हातात दिली आणि गप्प बसली. जागरणाने तारवटलेले तिचे डोळे ठकीवरून हलत नव्हते. ठकीने झाकण ओढलं, चावलं, मग ताईकडे वळून पाहिलं. तिच्या ओठांचा चंबू झाला.

ताईने चटकन उठून झाकण उघडून दिलं.

शिकाऊ मुलीने कपाळ धरलं. “ती मागणार होती,” एवढंच म्हणाली.

बाई आत आल्या. रागावण्याइतकंही त्राण त्यांच्यात दिसत नव्हतं. लहान मुलांच्या खुर्चीत त्या कशाबशा टेकल्या.

“घरी हिला काय हवं ते कोणाला कळतं?”

“मला,” ताई तोऱ्यात म्हणाली. “तिने नुसतं बघितलं तरी कळतं.”

“मग ती बोलेल कशाला?” बाई गुडघे चोळत म्हणाल्या. “आमच्या या मुलीची परीक्षा मी पुन्हा घेईन. ठकीचं काय ते तुम्ही घरचे बघा.”

संध्याकाळी जेवताना आई एका हाताने पाय चेपत होती. बाबा ताटावरच पेंगत होते. ठकीने रिकाम्या ताटलीकडे बघितलं मात्र, आईचा हात आपसूक भाताकडे गेला. ताईने तो धरला.

“थांब. तिला मागू दे.”

“मागता आलं असतं तर काय हवं होतं गं,” आई म्हणाली.

“रडून घर डोक्यावर घेईल,” बाबा म्हणाले. “मला पहाटे उठायचंय. आज नको.”

“रोजच कुणाला तरी पहाटे उठायचं असतं, बाबा.”

ठकीचा चेहरा रडवेला झाला. ताईचा हात नुसता शिवशिवत होता. तो तिने मांडीखाली दाबला.

“मी ठरवलंय,” ती म्हणाली. “आजपासून ठकीच्या वाटचं मी बोलणार नाही, आणि तुम्हालाही बोलू देणार नाही. ती रडली तर मी घेऊन बसेन. तुम्ही दोघं खुशाल झोपा.”