रेलटनचा गुरुवारचा तास

रेलटनची तांत्रिक शाळा बंद पडून तीस वर्षं झाली. तिच्या जागेवर आता घरं आहेत. तिच्या माजी विद्यार्थ्यांचा, लंबगोल चेंडूनं खेळायच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा क्लब मात्र दर हिवाळ्यात मेलबर्नच्या चिखलात उतरत राहिला, आणि सचिव लेस कॅडिकला आयुष्यात दुसऱ्या कशाचा एवढा अभिमान नव्हता. पण श्रीमंत शाळांच्या क्लबांना दरवर्षी ताजी पोरं मिळत. रेलटनचा सर्वांत तरुण खेळाडू त्रेचाळीस वर्षांचा होता.

यंदा अठरा जण उभे राहिले नाहीत, तर स्पर्धा भरवणारी संघटना क्लबला काढून टाकणार होती. वस्तीतली पोरं खेळायला उत्सुक होती. आड येत होता तो क्लबचा पहिला नियम : रेलटनच्या शिक्षकाच्या हाताखाली जो शिकला, त्यानंच ही जर्सी घालायची.

लेसनं सभेत तो नियम रद्द करायचं सुचवलं. अध्यक्ष मर्व्ह पास्को, निवृत्त प्लंबर, तडकला. "मग क्लबचं नावही पुसून टाक की. उद्या कुणीही आला नि जर्सी चढवली, तर आपण कोण रे?"

"आणि कुणीच आला नाही, तर?"

"तर मान ताठ ठेवून बंद करू."

लेसला राग आला. पण आतून त्यालाही तसंच वाटत होतं.

कोपऱ्यात क्वेफबाई संत्री चिरत बसल्या होत्या. शाळेत त्या विज्ञान शिकवत. आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी सामन्याची वेळ मोजत. चाकू न थांबवता त्यांनी विचारलं, "लेस, शाळेच्या पटावरचा विद्यार्थी, असं नियमात सरळ का नाही लिहिलं तेव्हा?"

"रात्रीच्या वर्गाला कारखान्यातली शिकाऊ पोरं यायची, बाई. त्यांची नावं पटावर नसायची. त्यांनाही खेळता यावं म्हणून."

"मर्व्ह, तुझे वडील त्यांतलेच ना?"

"हो," मर्व्ह म्हणाला.

"बरं. शाळा गेली, पण मी अजून गेलेले नाही."

खोलीत कुणाला काही कळेना. बाईंनी हात पुसले. "दर गुरुवारी सरावाआधी एक तास, इथेच. जर्सी हवी त्यानं समोर बसून माझ्या हाताखाली शिकायचं."

"आणि एखादा नापास झाला तर?" मर्व्हनं विचारलं.

"तू झाला होतास. खेळलासच की."

सभा हसली, मर्व्ह हसला नाही. हा तास म्हणजे नुसती पळवाट निघाली तर आपण राजीनामा देऊ, असं तो लेसला दाराशी सांगून गेला.

पहिल्याच गुरुवारी तो मागच्या बाकावर येऊन बसला, पहारेकऱ्यासारखा. बाईंनी लंबगोल चेंडू फरशीवर टाकला आणि तो कुठे उसळेल ते सांगायला लावलं. सगळे चुकले. गोदामात काम करणारा माचोक लुआल, ज्याचे आईवडील सुदानहून आले होते, म्हणाला, "बाई, याचा काही नेम नाही."

"नेम आहे. तू नीट बघत नाहीस. तो जमिनीला कुठल्या अंगानं टेकतो ते बघ. पुन्हा टाक."

तासभर तो चेंडूच टाकत होता. पुढच्या गुरुवारी तो उशिरा आला. कामावर थांबवून घेतलं म्हणाला. बाईंनी दार दाखवलं. सराव सामना दोन दिवसांवर होता आणि माचोकसारखा धावणारा दुसरा नव्हता. लेसनं रदबदली केली.

"त्याला नाही मिळायची जर्सी या आठवड्यात," मागून मर्व्ह म्हणाला. "बाईंनी मलाही असंच हाकललं होतं." आणि बाहेर जाऊन तो माचोकला म्हणाला, "उद्या तुझ्या मुकादमाशी मी बोलतो. पुढच्या वेळी आधी ये, लेका."

मोसमाच्या पहिल्या सामन्याला रेलटनचे अठरा जण रांगेत उभे राहिले. सहा जुने, पिकल्या केसांचे, आणि बारा नवे. समोर एका बड्या शाळेचा क्लब होता. त्यांच्या कप्तानानं माचोकला न्याहाळून डिवचलं, "तू कुठल्या शाळेचा, मित्रा?"

"रेलटन."

"ती तर कधीच बंद पडली."

"गुरुवारी सहाला ये," माचोक म्हणाला. "पेन्सिल घेऊन. उशीर केलास तर बाई आत घेत नाहीत."

कडेला उभ्या मर्व्हनं टोपी काढली, पुन्हा घातली. लेसनं संघटनेच्या माणसाला खेळाडू मोजायला बोलावलं आणि स्वतःही त्याच्यासोबत मोठ्यानं मोजू लागला.