चारही चाकांची ऐट

मी गाडी बोलतेय. ईस्ट पेल्टन गावची, राखाडी रंगाची, डाव्या दिव्याखाली पोचा असलेली. माझ्या पाठीवर तीन चकचकीत अक्षरं आहेत. हिच्या इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळतो, असा त्यांचा अर्थ. सध्या त्या अक्षरांवर चिकटपट्टी मारलेली आहे. ती कोणी मारली आणि का, एवढं ऐकलंत तर माझा सगळा जन्म ऐकल्यासारखा आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते दुकान. तिथं मला सरळ फरशीवर उभं केलं नव्हतं. प्लास्टिकच्या दगडांचा एक डोंगर रचून त्यावर माझी पुढची दोन चाकं चढवून ठेवली होती. येणारा माणूस आधी मान वर करून मला बघायचा आणि मग किंमत विचारायचा. रॉइस टॅट्रो आला तेव्हा विक्रेत्यानं माझ्या टपावर थाप मारली. "साहेब, हिला कोणी अडवू शकत नाही!" रॉइसनं तिथल्या तिथं सही केली. विकणारा माणूस त्या दिवशी चुकून खरं बोलून गेला होता, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

रॉइस गावच्या तीन पंचांपैकी एक. घर कटलर टेकडीच्या माथ्याजवळ. माणूस वाईट नव्हे. शेजाऱ्याची लाकडं फोडायची राहिली असतील तर आपणहून कुऱ्हाड घेऊन जाईल. पण माझी किल्ली हातात आली आणि त्याच्या जिभेला हाड राहिलं नाही. आमच्या इथं, अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यात, नोव्हेंबरपासून बर्फ पडतो. इतरांच्या गाड्यांची चाकं चढावर जागच्या जागी गरगरत, मी मात्र गुमान वर जाई. वर पोचलो की रॉइस अशा थाटात उतरे, जणू मला खांद्यावर घेऊन तोच चढून आला.

चढाचं माझं कौतुक खरं आहे. ते मी नाकारत नाही. चार चाकं ओढायला लागली की दोन चाकांपेक्षा जास्त ओढणारच. पण थांबायची वेळ आली की मी आणि एखादी गंजकी डबडी, दोघी सारख्याच. ब्रेक सगळ्यांच्याच चारही चाकांना असतात. खाली बर्फाची काच असली की गाडीला धरून ठेवतं ते टायरचं रबर, पाठीवरची अक्षरं नव्हेत. आणि माझं रबर बारमाही जातीचं होतं. थंडी वाढली की ते दगडासारखं कडक होई. उलट मी इतक्या सहज निघायची, की रस्ता निसरडा आहे हे रॉइसला कळायचंच नाही.

त्याची बायको लोरेन दर वर्षी सफरचंदं उतरून झाली की म्हणायची, "रॉइस, हिला हिवाळी टायर घाल."

"अगं, चारही चाकं ओढतात हिची!"

"ओढतात ना. मला थांबायचं असतं कधी कधी."

"थांबायचं कशाला? ही अडकतच नाही!"

यावर लोरेन पुन्हा विणकामाकडे वळायची. गाढवापुढे गीता किती वेळा वाचायची, यालाही मर्यादा असते.

टेकडीवर आमच्याही वर एकच घर होतं, बर्निस केलॉग बाईंचं. नवरा क्लेटन वारल्यापासून बाई एकट्याच. त्यांची छोटी लाल गाडी पुढच्या दोन चाकांवर चालायची, दारांना गंज चढलेला, पण चारही हिवाळी टायर कोरे. बाई खालच्या गिअरमध्ये उतरायच्या आणि आमच्या घराची टपालपेटी आली की तिथूनच हळू व्हायला लागायच्या. खालचं वळण अजून कुठल्या कुठं असायचं. मागून रॉइस भोंगा वाजवायचा. बाई आरशात न बघता स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलायच्या. आमच्याकडे रस्त्यात कोणीही दिसलं, ओळखीचं असो नसो, दोन बोटं उचलून ओळख द्यायची रीतच आहे. भोंग्यालाही बाई तेच उत्तर देत.

तर मार्चचा पहिला मंगळवार आला. गावसभेचा दिवस. त्या दिवशी सगळं गाव टेकडीच्या पायथ्याच्या सभागृहात जमतं, वर्षाचे ठराव हात आणि आवाज उठवून करतं, आणि दुपारी घरोघरून आणलेलं जेवण जेवतं. मी नेमकी खिडकीखाली उभी होते. आत शेगडी इतकी पेटवतात की मार्चमध्येही खिडकी उघडी ठेवावी लागते, म्हणून मला शब्द न् शब्द ऐकू आला.

रॉइस उठला. "माझा ठराव असा, की बर्फावर चाकं घसरू नयेत म्हणून कटलर टेकडीच्या रस्त्यावर वाळू टाकतात, ते बंद करावं. खर्च गावाचा आणि सोय दोन घरांची. त्यातल्या एका घराला गरज नाही, ते माझं. दुसऱ्यानं माझ्यासारखी गाडी घ्यावी."

दुसरं घर तिसऱ्या बाकावर बसलं होतं. बर्निसबाई सावकाश उठल्या. "रॉइस, मी लग्न होऊन त्या टेकडीवर आले तेव्हा तू रांगत होतास. वाळू नसेल तर मला या वयात तिथं राहता येणार नाही, हे तुलाही माहीत आहे. माझ्या मुलीनं, मार्लीननं, फ्लोरिडात माझ्यासाठी खोली तयार ठेवलीय. ठराव झाला तर मी जाईन, भांडणार नाही. फक्त या आठवड्यात मेपलच्या झाडांना रसाच्या बादल्या लावल्यात. क्लेटनची झाडं आहेत. त्या बादल्या कोण उतरवणार तेवढं सांगा."

त्या बाईंना घर सोडायला लावणारं कारण मी होते, आणि मला तर कोणी विचारलंही नव्हतं.

"बाई, ही रस्त्यावरची वाळू, ही तुमची अंगणात पसरायची राख, सगळ्या जुन्या काळच्या भानगडी," रॉइस म्हणाला. "बाहेर उभीय माझी गाडी. दाखवतोच तुम्हाला."

गावचे रस्ते सांभाळणारा आणि वाळूचा ट्रक चालवणारा ऑरिन बुशी दाराशी बसला होता. "रॉइस, बाहेर नजर टाकलीस का?"

सभा चालू असताना पाऊस सुरू झाला होता आणि पडता पडता गोठत होता. रस्ता, कुंपण, मी, सगळ्यांवर काचेचा थर.

"मग तर उत्तमच! ऑरिन, तुझा ट्रक जागचा हलवू नकोस. मी वर जातो, खाली येतो आणि या दारासमोर थांबतो. थांबलो, तर वाळू बंद."

"आणि नाही थांबलास तर?" बर्निसबाईंनी विचारलं.

"तर काय वाटेल ते करा!"

सभाध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं. "ठरावाला प्रात्यक्षिक जोडायला कोणाची हरकत?" कोणाचीच नव्हती. मार्चमध्ये आमच्या गावात दुसरी करमणूक तरी काय असते?

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. जेवणाची सुट्टी झाली. लोक शिजवलेल्या घेवड्याच्या ताटल्या घेऊन पायऱ्यांवर आले. थांबायची रेघ कशानं काढायची यावर थोडा वाद झाला. मग बर्निसबाईंनी बीटच्या लोणच्याची बरणी आणली आणि तिचं लाल पाणी रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ओतलं. ऑरिन म्हणाला, "रेघेच्या पुढं कोणी उभं राहू नका." रॉइसनं लोरेनला दार उघडून दिलं.

"मी इथूनच बघते," ती म्हणाली. "घेवडा गरम आहे."

वर जाताना माझं एखादं चाक मधेच सुटायचं, दुसरं सावरून घ्यायचं, पण मी चढले. खाली टाळ्या वाजल्या. रॉइस म्हणाला, "बघितलंस?" गाडीत दुसरं कोणी नव्हतं, म्हणजे तो माझ्याशीच बोलत होता. वळायला आम्ही बर्निसबाईंच्या अंगणात शिरलो. बाईंनी सकाळी तिथं शेगडीतली राख पसरून ठेवली होती. पाऊस पडून गेला तरी तिच्या खरखरीवर माझे टायर बरे टेकले आणि मी झकास वळले. निदान तेवढ्यावरून तरी त्याला काही सुचायला हवं होतं.

मग उतार लागला. टपालपेटी आली. बर्निसबाई इथं हळू होतात, असं मी मनातल्या मनात ओरडले. रॉइस शीळ घालत होता. पायथ्याजवळ पोचल्यावर त्यानं ब्रेक दाबला, आणि चारही चाकांनी धरायला काही शोधलं, पण तिथं काहीच नव्हतं. चाकं जाम होऊ नयेत म्हणून मी ब्रेक भराभर धरते आणि सोडते, त्यानं पेडल पायाखाली थडथडतं. ते थडथडणं मी माझं काम करतेय याची खूण. रॉइसला वाटलं काहीतरी मोडलं. त्यानं दचकून पाय उचलला.

मला भीती वाटली, स्पष्टच सांगते. पायऱ्यांवर सगळं गाव उभं होतं आणि माझ्या हातात काही उरलं नव्हतं. तो पुन्हा ब्रेकवर उभा राहिला. मी फार वेगात नव्हते, पण थांबतही नव्हते. लाल रेघ आली आणि गेली. सभागृहाच्या दारासमोरून आम्ही शांतपणे पुढं सरकत निघालो, आणि हाडीमाशी खिळलेल्या सवयीनं रॉइसनं स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली. पायऱ्यांवरच्या सगळ्यांनीही काटे धरलेल्या हातांची दोन दोन बोटं उचलली. रीत ती रीत.

पुढं वळण होतं. वळणाच्या बाहेरच्या अंगाला गावाच्या वाळूचा ढीग होता. मी त्यात दिव्यांपर्यंत रुतले, ढिगाचा माथा माझ्या टपावर कोसळला आणि मी थांबले. माझ्या डाव्या दिव्याखालचा पोचा तिथलाच. रॉइसनं घाबरून काच खाली केली, तेव्हा टपावरची सगळी वाळू आत आली.

ऑरिननं मला ओढून पुन्हा खिडकीखाली आणून लावलं आणि दुपारी सभा पुन्हा बसली. सभाध्यक्ष म्हणाले, "टेकडीवर वाळू चालू ठेवावी, असं कोणाला वाटतं?" खिडकीच्या काचा हादरल्या. "विरोधात?" इतकी शांतता झाली की रॉइसच्या कोटातून लाकडी जमिनीवर गळणारी वाळू मला बाहेर ऐकू आली.

बर्निसबाई उठल्या. वाटलं, आता टोला हाणणार. त्या म्हणाल्या, "वाळू चांगली आहे हे स्वतः तपासून दाखवल्याबद्दल रॉइसचे आभार मानावेत, असा ठराव मांडते." तो एकमतानं झाला. लोरेननं दोन्ही हात वर केले होते. रसाचा हंगाम संपल्यावर बाईंनी बादल्या स्वतः उतरवल्या आणि तो रस आटवून केलेल्या पाकाची पहिली बाटली रॉइसच्या दाराशी ठेवली.

रॉइस मात्र माझ्यावर रागावला. नाचता येईना, अंगण वाकडं. "हिचे ब्रेकच धड नाहीत," असं तो सगळ्यांना सांगत फिरला आणि उन्हाळ्यात त्यानं मला विकलं. स्वतःला एक अवाढव्य ट्रक घेतला, त्यावर माझ्यापेक्षा मोठी अक्षरं. टायर पुन्हा बारमाहीच. मला घेतलं बर्निसबाईंनी, कारण त्यांच्या लाल गाडीचा तळ गंजून रस्ता दिसायला लागला होता. सफरचंदं उतरली तशी बाईंनी मला चार मऊ हिवाळी टायर घातले. मग शेडमधून चिकटपट्टी आणून माझ्या पाठीवरच्या अक्षरांवर मारली. म्हणाल्या, "हे वाचून माणसं बिघडतात."

नोव्हेंबरात पहिला बर्फाळ दिवस आला. आम्ही खालच्या गिअरमध्ये उतरलो, रॉइसच्या टपालपेटीपासून हळू झालो आणि सभागृहासमोर, लाल रेघ होती तिथं, थांबलो. ऑरिन पलीकडे ट्रकमध्ये वाळू भरत होता. बाईंनी माझ्या पुढच्या फळीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "थांबलीस गं बाई." चढले म्हणून माझं कौतुक पुष्कळांनी केलं. थांबले म्हणून कोणी केलं ते पहिल्यांदाच. गाड्यांना रडता येत असतं तर मी रडले असते.

तेवढ्यात शेजारून काहीतरी मोठं आणि चकचकीत, कडेकडेनं, आडवं होऊन सरकत पुढं गेलं. आधी अक्षरं दिसली, मग रॉइस दिसला. त्यानं दोन बोटं उचलली. बाईंनीही उचलली.

ऑरिननं या वर्षी ढीग जरा मोठा केला होता, आणि बरोबर वळणावर.

माझ्यासारख्या गाड्या विकत घेणाऱ्यांनो, आता मी एवढंच मागते. निघायचं कसं ते मी बघते, थांबायचं कसं ते तुम्ही बघा. येते आता. बाईंनी मागचं दार उघडून फावडं काढलंय. रॉइसला उकरून काढायचं आहे.