वाडग्यावरची सावली

म्युरिएलमावशीच्या पहिल्या वाडग्यावर सावली पडली ती ढगाची. दुसऱ्यावर पडली ती मिस्टर पेव्हरेलची, आणि ढगापेक्षा मिस्टर पेव्हरेल जास्त वेळ थांबले.

त्यांचा तसा दोष नव्हता. ते चर्चच्या आवारातून पाव आणायला निघाले होते. पश्चिमेच्या उतारावर मावशी गुडघे टेकून बसलेली, समोर काचेचा वाडगा, वाडग्यात झऱ्याचं पाणी आणि पाण्यावर पिवळी फुलं. असं काही दिसलं की आमच्या नेदर कोंबलीत माणूस न बघितल्यासारखं करून पुढे जातो. पण मिस्टर पेव्हरेल फारच सभ्य. ते उतारावर आले, वाकले, टोपी काढली आणि म्हणाले, "माफ करा म्युरिएल, मी तुमच्या उन्हात तर येत नाही ना?"

ते येत नव्हते. विचारायला आले तेव्हा आले.

मावशीने पाणी गवतावर ओतलं आणि वाडगा पुसायला घेतला. "शनिवारपर्यंत वेळ आहे," ती म्हणाली. मिस्टर पेव्हरेल तोवर माफी मागत मागत उलट्या पावलांनी फाटकापर्यंत पोचले होते.

फुलांचा अर्क करायची रीत अशी आहे. आकाशात ढग नको. सकाळी नऊला, झाड जिथे उगवलं तिथेच, पातळ काचेचा वाडगा मांडायचा. फुलांना बोट लावायचं नाही. तळव्यावर पान धरायचं आणि त्यावर फूल झेलायचं. पाणी झाकेल इतकी फुलं तरंगली की तीन तास ऊन द्यायचं, आणि तेवढ्यात वाडग्यावर कशाचीही सावली पडता कामा नये. मग त्या पाण्यात तेवढीच ब्रँडी घालून बाटली भरायची आणि थेंब थेंब माणसाला द्यायचे. कुठल्या मनाला कुठलं फूल हे ठरलेलं आहे. उतावळ्याला एक, कुणाला नाही म्हणता येत नाही त्याला दुसरं. भीतीने ज्याचे हातपाय गळाले त्याला रॉक रोज. हे नावालाच रोज. गुलाबाशी त्याचं काही नातं नाही. चुरगाळलेला पिवळा कागद परत सरळ करावा तसं दिसतं आणि संध्याकाळच्या आत गळतं.

असं औषध इंग्लंडात निघावं याची मला गंमत वाटते. तीन तास सलग ऊन मिळालं तर आमच्याकडे माणसं औषधाशिवायच बरी होतात.

औषध कथबर्टकाकांसाठी होतं, आणि काकांना काही झालेलं नव्हतं. निदान काकांचं म्हणणं तसं होतं.

काका म्हणजे मावशीचे यजमान, आणि चर्चच्या मनोऱ्यातल्या घंटावाल्यांचे कप्तान. मनोऱ्यात सहा घंटा आहेत. प्रत्येक घंटेला एक दोर, प्रत्येक दोराला एक माणूस, आणि सहाही जण गोलात उभे राहून ठरल्या क्रमाने ओढतात. दुसरी घंटा माझी. सहावी, सगळ्यांत जड, काकांची. मला त्यांनीच शिकवलं. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ते जो पहिला धडा देतात तोच मलाही दिला होता: काही बिघडलं तर दोर सोड. बाकी सगळं नंतर.

जानेवारीत एका रविवारी सहाव्या घंटेला पलीकडे उलटू न देणारा लाकडी अडसर मोडला. घंटा उलटून गेली, दोर वर पळाला, आणि आयुष्यभर दोर सोडायला शिकवणारा माणूस दोराबरोबर वर गेला. पार छतापर्यंत. खाली आले तेव्हा डोकं शाबूत होतं, टोपी नव्हती. ती छताच्या आकड्याला अडकून राहिली. शिडी लावून काढणं सोपं होतं, पण ते काम काकांचं आहे असं आम्ही सगळ्यांनी न बोलताच ठरवून टाकलं. तेव्हापासून आम्ही टोपीखाली घंटा वाजवत होतो.

काकांचा घोटा मुरगळला होता. तो मार्चमध्ये बरा झाला. त्यानंतर काका लंगडायला लागले ते दुसऱ्या पायाने.

मावशीने हे पहिल्याच दिवशी टिपलं, पण बोलली नाही. काका दारूच्या गुत्त्यावर जायला चर्चच्या बाजूचा रस्ता सोडून शेतांमधून वळसा घालायला लागले तेव्हाही बोलली नाही. रविवारी सकाळी घंटा सुरू झाल्या की काका व्हॅक्यूम क्लीनर लावायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी त्या यंत्राला कधी हात लावला नव्हता. आता गालिच्याचे दोरे निघायला आले होते. तेव्हा मात्र ती दुकानातून रॉक रोजची छोटी बाटली घेऊन आली आणि त्यांच्या चहात थेंब घालायला लागली. काकांनी पहिल्याच घोटाला ओळखलं. "चहात ब्रँडी घालणार असशील तर मी रोज भीत जाईन," म्हणाले, आणि दुसरा कप मागितला. मनोऱ्याकडे काही फिरकले नाहीत.

मावशीने त्यावर विचार केला आणि निष्कर्ष काढला की भीती या आवारात धरली आहे, तर फूलही याच आवारातलं हवं. डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं की बाटलीत पाणी आणि ब्रँडी याखेरीज काही नसतं. मावशी म्हणाली की मग बिघडण्यासारखंही काही नाही, आणि वाडगा धुवायला घेतला.

घाई होती ती आमच्यामुळे. पाच घंटांचा आवाज पुढचा दात पडलेल्या माणसाच्या बोलण्यासारखा येतो, आणि गावाने तो पाच महिने ऐकून घेतला होता. शनिवारी संध्याकाळी आम्ही घंटावाले बैठकीला बसणार होतो. काका आले नाहीत तर सहावा दोर शेजारच्या गावच्या जेराल्ड थॅकरेला द्यायचा. त्याचे दंड मोठे आहेत आणि गप्पा त्याहून मोठ्या. दिलेला दोर परत मागायची आमच्यात पद्धत नाही. काकांना हे ठाऊक होतं. त्यांनी जेराल्डसाठी दोर धरायची लोकरीची मूठ नव्याने विणून माझ्या हाती पाठवून दिली. ती मूठ बघून मावशीने वाडगा आणखी एकदा धुतला.

मिस्टर पेव्हरेलनंतर तिने उतारावर पाटी लावली: कृपया उन्हात येऊ नये. शुक्रवारी आकाश स्वच्छ होतं. साडेदहापर्यंत सगळं नीट चाललं. मग माणसं पाटी वाचायला जवळ येऊ लागली.

मावशीने पाटी उपटली आणि पाणी पुन्हा गवतावर ओतलं. त्या जागचं गवत आवारात सगळ्यांत धीट झालं असणार.

शनिवारी सकाळी आकाशात एकही ढग नव्हता. मावशीने माझी आणि मिस्टर पेव्हरेलची नेमणूक केली. मी तिच्याजवळ बसायचं, मिस्टर पेव्हरेलनी फाटकात उभं राहून लोकांना अडवायचं. त्यांना अडवायची गरजच पडली नाही. फाटकात एक माणूस उभा दिसल्यावर दुसरा त्याच्या मागे उभा राहिला, मग तिसरा. दहाच्या सुमारास रांग टपाल कार्यालयापर्यंत गेली होती. कशासाठी ते कुणी विचारलं नाही. विचारणं बरं दिसलं नसतं.

काकाही आले होते. मावशीने त्यांना सांगितलं होतं की तुझ्यासाठी करतेय, तर निदान बघायला ये. ते दूरच्या बाकावर मनोऱ्याकडे पाठ करून बसले आणि थर्मासमधला चहा प्यायला लागले. मनोरा मोठा आहे. त्याच्याकडे पाठ करून बसणं म्हणजे पावसाकडे पाठ करून बसण्यासारखं. पण ते तसे बसले.

साडेदहा वाजून गेले असतील, मला गवतावर काहीतरी हलताना दिसलं. संत योहानच्या सणासाठी मनोऱ्यावर झेंडा चढवलेला होता. मनोऱ्याची सावली उतारापासून दूर होती, तिचा मावशीने अभ्यास केला होता. पण झेंड्याची सावली त्या सावलीच्या पुढे होती, वाऱ्यावर फडफडत होती, आणि सूर्य चढेल तशी वाडग्याकडे सरकत होती.

मावशीनेही ते बघितलं. हातरुमाल उचलला, परत ठेवला. सावली अडवायची तर दुसरी सावली पाडावी लागते.

"वाडगा जरा सरकव," काका बाकावरून म्हणाले. त्यांचं लक्ष होतं तर.

"मांडलेला वाडगा सरकवत नाहीत."

"वीतभर, म्युरिएल. फुलांना काय कळणार?"

"कथबर्ट, आज शनिवार आहे," मावशी म्हणाली. "वाडगा इथेच राहील."

मी उठले आणि म्हटलं, मी जाते, झेंडा उतरवून आणते.

काकांनी थर्मासचं झाकण लावलं. "तुला गच्चीच्या दाराची कडी निघायची नाही, टॅम्सिन. फसवी आहे ती."

तो झेंडा सोमवारी मीच चढवला होता. कडी मी एका बोटाने काढली होती. मी खाली बसले.

"हो, काका," मी म्हणाले. "फारच फसवी आहे."

काका उठले. फाटकाकडे जातील असं मला वाटलं, पण ते मनोऱ्याकडे वळले. थोडं चालल्यावर त्यांना लंगडायची आठवण झाली. कुठल्या पायाने ते लवकर ठरेना, तेव्हा त्यांनी तो विचार सोडून दिला आणि दारातून आत गेले.

गच्चीवर जाणारा जिना दोरांच्या खोलीतूनच जातो. दुसरी वाट नाही. मावशीला हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. ती मान वर करून बघत नव्हती. तिची नजर वाडग्यावर होती आणि दोन्ही मुठींत गवत होतं. सावली वाडग्यापासून हातभर राहिली. मग वीतभर. वर काहीच हालचाल नव्हती.

"दोरांच्या खोलीत थांबलाय," मावशी म्हणाली.

"टोपी बघत असतील," मी म्हटलं.

"बघू दे."

सावलीचं टोक काचेच्या कडेपासून चार बोटांवर आलं तेव्हा झेंडा हलला. झटका बसून खाली यायला लागला, अर्ध्या काठीवर आला आणि अडकला.

फाटकापासून टपाल कार्यालयापर्यंत सगळ्या रांगेने टोप्या काढल्या. अर्ध्यावर झेंडा म्हणजे कुणीतरी गेलं. मिस्टर पेव्हरेल तिथूनच, हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कोण गेलं?"

"अजून कुणी नाही," मी म्हटलं.

वर काकांचा हात दिसला. त्यांनी दोरी दोनदा ओढली, तिसऱ्यांदा शिवी दिली, आणि झेंडा सुटून गच्चीच्या कठड्याआड पडला. गवतावरची सावली नाहीशी झाली. वाडग्यातली फुलं होती तशीच पिवळीधमक होती. रांगेने टोप्या परत घातल्या.

काका खाली यायला बराच वेळ लागला. आले तेव्हा काखेत झेंड्याची गुंडाळी होती आणि डोक्यावर पाच महिन्यांच्या धुळीसकट टोपी. ते बाकावर बसले नाहीत. मावशीच्या समोर, सूर्य चुकवून, गवतावर बसले, ते बारा वाजेपर्यंत. मावशी एकदा टोपीकडे बघून म्हणाली की ती घालून घरात यायचं नाही.

बाराच्या ठोक्याला मावशीने त्याच झाडाच्या काडीने फुलं एकेक करून बाजूला काढली. मग ब्रँडी ओतायला घेतली आणि निम्मी बाहेर सांडली. तिचा हात थरथरत होता. चार दिवस पान तळव्यावर धरून फुलं झेलली तेव्हा तो हात जराही हलला नव्हता.

काकांनी बाटली तिच्या हातातून घेतली. "हे कधीपासून?"

"जानेवारीपासून," मावशी म्हणाली. "मी दारात उभी होते. तुझा डबा घेऊन आले होते. तुझे बूट वर जाताना बघितले."

काकांनी बाटली गवतात ठेवली. मग त्यांनी थर्मासच्या झाकणात झऱ्याचं उरलेलं पाणी घेतलं, वाडग्यातले चार थेंब त्यात घातले आणि तिच्यापुढे धरलं.

"तुझ्यासाठी केलंय ते," मावशी म्हणाली.

"माहितेय. तू घे."

तिने घेतलं. मग झाकण पुसून त्यात परत चार थेंब घातले आणि त्यांच्या हातात दिलं. काकांनी एका घोटात संपवलं आणि म्हणाले की चहातलं बरं होतं. फाटकातली रांग आता एकेक करून उतारावर यायला लागली होती. मावशीने सगळ्यांना चार चार थेंब दिले. मिस्टर पेव्हरेलनी विचारलं की हे भीतीवरचं आहे का, आणि हो म्हटल्यावर आठ मागितले.

संध्याकाळी घंटावाल्यांची बैठक झाली. विषय एकच होता, आणि तो टोपी घालून आला होता. मूठ तेवढी जेराल्डला देऊन टाकली. चांगली विणली होती.

रविवारी सकाळी आम्ही सहा जण गोलात उभे राहिलो. मावशी दारात उभी होती, जिन्याच्या कठड्याला हात न लावता. काकांनी सहावा दोर हातात घेतला आणि वर बघितलं. छताचा आकडा रिकामा होता. त्यांच्या मानेवरून घाम उतरत होता आणि त्यांनी तो पुसला नाही.

"काका," मी म्हटलं, "काही बिघडलं तर काय करायचं?"

"दोर सोडायचा," काका म्हणाले, आणि ओढला.