तीनशे त्रेचाळीस पायऱ्या

“काकू, उद्या व्हिएन्नात काकांना हॉटेलवरच राहू द्या. आज त्या पुलावर सगळ्या ग्रुपची पाऊण तास खोटी झाली.”

टूर मॅनेजर दिपक हे बोलला ते प्रागच्या स्टेशनात, वीस-पंचवीस माणसांदेखत. पुनमचंद बायकोच्या खांद्यावर हात ठेवून शेजारीच उभे होते. त्यांनी मान खाली घातली. ते पाहून जिवनबाईंच्या डोक्यात तिडीक गेली.

“तिकिटावर नाव दोघांचं हाय ना? मंग दोघं येणार.”

“मी त्यांच्याच भल्यासाठी सांगतोय. त्यांना नीट दिसत नाही. कुठे पडले तर?”

“दिसत न्हाई म्हणूनच आणलंय,” जिवनबाई म्हणाल्या. “धडधाकट असते तर सवडीनं आलो असतो.”

पुनमचंद एकतीस वर्षं रेल्वेत कीमन होते. हिंगोलीच्या अलीकडच्या सहा किलोमीटर रुळावर रोज पायी जायचं, रूळ धरून ठेवणारी चावी ढिली झाली की हातोड्यानं ठोकून बसवायची, गाडी आली की बाजूला होऊन तिला हिरवा झेंडा दाखवायचा. देशात कुठंही फिरायला दरवर्षी रेल्वेचा पास मिळायचा. पण कधी सासूला लकवा, कधी मुलाची, विकासची परीक्षा, कधी जिवनबाईंची अंगणवाडी. पास तारीख उलटून पेटीत जायचा. एकदा तेवढा कुणाच्या तरी मातीला जायला कामी आला.

रिटायर झाल्यावर काचबिंदूनं गाठलं. नांदेडचा डॉक्टर म्हणाला, गेली ती नजर परत येणार नाही. राहिलीय ती जपा. त्या संध्याकाळी तांड्यावर परतल्यावर पुनमचंद ओसरीवर बसले आणि म्हणाले, “जिवना, मला परदेशातल्या रेल्वेत बसायचं हाय. तिकडली जुनी शहरं बघायचीत. डोळे हायेत तंवर.”

या माणसानं जन्मात काही मागितलं नव्हतं. जिवनबाईंनी तिथंच ठरवून टाकलं.

विकास हिंगोलीला पतसंस्थेत कामाला होता. त्यानं ऐकलं आणि तो तणतणत आईकडं आला. “याडी, बापूला दारातलं कुत्रं दिसंना, अन् तू त्यायला युरोप दाखवून राहिली? सारा तांडा हसंल.”

“हसू दे. मी अंगणवाडीत लागले तवाबी हसले व्हते,” जिवनबाई म्हणाल्या. “तुह्या बापानं जलमभर दुसऱ्याच्या गाड्या पुढं काढून देल्या. आता त्यायची गाडी अडवू नको.”

विकास रुसून निघून गेला. फॉर्म भरले ते सून निलमनं, आणि जाताना सासूच्या पिशवीत लोणच्याची बरणीही तिनंच घातली.

दुसऱ्या दिवशी व्हिएन्नात ग्रुप मोठ्या चर्चपुढं थांबला. पाचशे-सहाशे वर्षांचा दगडी मनोरा. टोक पाहायला मान पार मागं टाकावी लागत होती. दिपकनं तासभर मोकळीक दिली. लोक फोटो काढायला पांगले.

“वर जाता येतं का?” जिवनबाईंनी विचारलं.

“येतं, पण या मनोऱ्याला लिफ्ट नाही. अरुंद गोल जिना आहे, तीनशे त्रेचाळीस पायऱ्या. तरुण पोरं दमतात. तुम्ही दोघं बाकावर बसा, मी आइस्क्रीम आणून देतो.”

“आइस्क्रीम तुमीच खा,” म्हणत त्यांनी नवऱ्याचा हात धरला.

जिन्यात जेमतेम एका माणसापुरती वाट होती. उजेड यथातथाच. वरून उतरणारे गोरे लोक चाचपडत, भिंतीला चिकटून येत होते. पुनमचंद मात्र एक हात दगडावर ठेवून सरळ चढत राहिले. पाऊल मोजकं, एकसारखं. शंभराच्या पुढं जिवनबाईंच्या छातीत भाता चालू झाला.

“जरा थांबा की.”

“मला काय झालंय? तूच धापा टाकून राहिली,” ते म्हणाले आणि सहलीला निघाल्यापासून पहिल्यांदाच हसले.

वर एक लहानशी खोली होती. चार दिशांना खिडक्या. खाली चर्चचं उतरतं छप्पर, त्यावर पिवळ्या, हिरव्या, काळ्या कौलांची नक्षी. पलीकडे क्षितिजापर्यंत शहर. जिवनबाई हरखल्या. नवऱ्याचा हात सोडून त्या खिडकीशी धावल्या.

“अहो, बघा तरी! माह्या मायच्या घागऱ्यावाणी छप्पर हाय!”

“व्हय, व्हय. लई भारी.”

त्या वळल्या. पुनमचंद भिंतीकडं तोंड करून उभे होते. कोऱ्या दगडी भिंतीकडं पाहून मान डोलवत होते.

जिवनबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “कवापासून?”

“निघायच्या आठवडाभर आधी. आता उजेड-अंधार तेवढा कळते.”

“मंग काहून आलात?”

“मी न्हाई म्हणलो असतो तर तू निघाली असती का?” पुनमचंद म्हणाले. “पास आला की तू विकासच्या पुस्तकातला नकाशा काढून बसायची. दरसाली. मी बघत व्हतो. तुला तुह्यासाठी जा म्हणलं असतं तर गेली नसती. माह्यासाठी म्हणलं, तवा उंबरा ओलांडला.”

“येवढं खोटं बोललात माह्याशी?”

“बोललो. पुन्यांदा बोलीन.”

जिवनबाईंना रडू आलं नाही, राग आला. त्यांनी नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढला, चांगला जोरात. मग तोच दंड घट्ट धरून त्यांना खाली उतरवलं.

खाली दिपक घड्याळ पाहत होता. “काय काकू, काकांना दिसलं का काही?”

“न्हाई. त्यायला काहीच दिसत न्हाई,” जिवनबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “अन् उद्या बुडापेस्टलाबी ते येणार. तुमी झेंडा घेऊन पुढं चाला. आमी आमच्या पावलानं मागून येतो.”

दिपकनं बाही खाली ओढून घड्याळ झाकलं. चालताना त्याचा वेग थोडा कमी झाला होता.

सकाळी बुडापेस्टच्या गाडीत पुनमचंदांनी खिडकीची जागा घेतली नाही. खुर्चीचा हात चाचपून ते अलीकडं बसले. “तू सरक तिकडं.”

गाडी शहराबाहेर पडली. पांढऱ्या पवनचक्क्या आल्या, मग उघडा मुलूख. सवयीनं जिवनबाई म्हणाल्या, “अहो, आता हे बघा—”

“सांगू नको,” ते म्हणाले. “नुसती बघ.”

जिवनबाईंनी तोंड फिरवलं. बाहेर सूर्यफुलांची शेतं लागली होती, संपता संपत नव्हती. मध्येच लाल कौलांचं गाव, खांबावर करकोच्याचं घरटं, त्यात उभी दोन पिलं. त्यांनी काचेला कपाळ टेकवलं आणि कुणालाही न सांगता त्या पाहत राहिल्या. शेजारी पुनमचंद गुडघ्यांवर हात ठेवून, पाठ ताठ करून, समोर तोंड करून बसले होते.