परवानगीचं पाखरू

कमालचाचांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे : "हे तुम्ही कोणी खरं मानणार नाही." आणि पूर्णगडात खरंच कोणी मानत नसे. ज्या माणसाने बसऱ्याच्या बंदरात देवमाशाला जांभई देताना पाहिलं, त्याचं मानायचं तरी काय? पण दोन हजार आठ सालच्या ऑक्टोबरात एका सकाळी चाचांनी मुलाला चक्क खरं सांगितलं आणि तेही त्याने मानलं नाही, तेव्हा मात्र त्यांची पंचाईत झाली.

"अझीम, उद्या पहाटे होडी काढू नको. रेडिओवर वादळ सांगतायत. बंदरात तीन नंबरचा बावटा लागलाय."

"अब्बा, आज पाखरू उडालं तर मी जाणार. पाखरू कधी चुकलंय?"

हे पाखरू पक्षीबाबांचं. बाबा गणपतीनंतर गावात उतरले ते किनाऱ्यावरच ठाण मांडून बसले. समोर हिंदू असला की पाखरू गरुड व्हायचं, मुसलमान असला की कुराणातला हुदहुद पक्षी. "उडालं तर दर्या राजी, नाही उडालं तर दर्या रुसला!" असं बाबा डोळे फिरवून सांगत. आणि गंमत म्हणजे ते खरं ठरत होतं. पाखरू उडालं की दर्या ताटातल्या पाण्यासारखा शांत. चाचांना बाबांचा राग यायचा, आणि थोडा हेवाही वाटायचा. याची एवढी मोठी थाप गाव डोक्यावर घेतं, आणि आपला देवमासा मात्र हसण्यावारी नेतं!

त्या संध्याकाळी वारा साफ पडला होता. वाळूवर अख्खं गाव लोटलेलं. केरू तांडेल घाम गाळत ढोल बडवत होता, कारण ढोलाशिवाय पाखरू उठत नाही असा बाबांचा दंडक. उपड्या होडीमागून पांढरं पाखरू वर चढलं. पोटाला दोन हिरवे दिवे. लोकांनी हात जोडले, कोणी दुवा मागितली. अझीमने समाधानाने मान डोलावली.

चाचा मात्र त्या उपड्या होडीकडे बघत होते. पाखरू उडालं की बाबांचा चेला बाबल्या नेमका दिसेनासा का होतो? रत्नागिरीला वकिली शिकणारी चाचांची नात, लेकीची लेक इकरा, परवाच फोनवर म्हणाली होती, की हल्ली सिनेमाच्या शूटिंगला रिमोटचं हेलिकॉप्टर उडवतात, पण हवेतून चित्रं घ्यायला सरकारची परवानगी लागते. खरं बोलून उपयोग नव्हता, ते सकाळीच कळलं होतं. मग चाचांनी आपलं ठेवणीतलं काढलं.

धापा टाकत ते बाबांसमोर गेले. "बाबा, हे कोणी खरं मानणार नाही, पण रत्नागिरीच्या विमानतळावरची माणसं निघालीत! पावस गावाच्या पुढे आलीत. कायदाच आहे : परवानगीशिवाय यंत्र उडालं की गोळी घालायची, उडवणारा आत! मी म्हटलं, अहो, ते यंत्र नाय, बाबांचं पाखरू हाय. खुशाल झाडा गोळ्या, एक लागायची नाय!"

बाबांचा चेहरा पिठासारखा झाला. आणि होडीमागून बाबल्या ओरडत बाहेर आला, गळ्यात रिमोटची पेटी :

"गोळी नको! परवानगी आहे आमची! पुण्यात काढलीय!"

केरूचे हात थांबले. ढोल थांबला आणि गावाने पहिल्यांदाच पाखराचा आवाज ऐकला. शिवणयंत्रासारखा, घर्रर्र.

"गरुडाला परवानगी कशाला लागते रे मेल्या?" मासळीवाली तुळसा म्हणाली.

पाखरू वाळूत उतरलं. बगळ्याची पिसं डिंकाने चिकटवलेली. आत सिनेमाच्या शूटिंगचं हेलिकॉप्टर.

अझीम ओशाळून म्हणाला, "मग दर्या शांत असायचा, तो कसा?"

"वारा असला की हे उलटतं," बाबल्या खाली मान घालून म्हणाला. "म्हणून वारा पडला कीच काढायचो."

"म्हणजे पाखरू वाऱ्याकडे बघत होतं," चाचा म्हणाले, "आणि तुम्ही जन्माचे दर्यावर्दी पाखराकडे! अरे, आज संध्याकाळी वारा पडला म्हणून उद्या उठणार नाही थोडाच?"

अझीमने होडी वर ओढून दोन दोर जास्तीचे बांधले. दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्राने जेटीचे दगड उचलले, तेव्हा गावची सगळी माणसं चहाच्या टपरीत होती, कोरडी. इकराही रत्नागिरीहून आली होती. बाबांनी रातोरात गाव सोडलं होतं.

"मी देवमासा म्हटलं की तुम्ही विचारता," चाचा सांगत होते, "कुठं पाहिला, कधी, सोबत कोण होतं. एवढंच त्या बाबाला विचारायचं होतं. ढोल कशाला, चेला कुठाय? विचारल्याने खरा देव रागवत नाय, खोटा बाबा रागवतो. बरं, ते जाऊ दे. ते बंदूकवाले माहितायत ना? चौघे होते. मी त्यांना पावसला चहा पाजला, तर त्यातला एक म्हणाला..."

"नाना," इकरा कप खाली ठेवत म्हणाली, "परवानगी लागते एवढं खरं. गोळी घालायचा कायदा कुठल्या पुस्तकात आहे? आणि काल तुम्ही पावसला गेलात कधी?"

चाचांनी टपरीभर नजर फिरवली. "हे तुम्ही कोणी खरं मानणार नाही, पण..." त्यांनी सुरुवात केली.

"थाप!" अख्खी टपरी एकदम ओरडली.