जेलरसाहेबांची चौकशी

रक्त तपासणाऱ्या त्या लॅबमध्ये कॉम्प्युटरांची राखण करणाऱ्या तरुणाला सगळे पाठीमागे ‘जेलर’ म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. लोकांना पारखायला तो अधूनमधून स्वतःच खोटे मेल पाठवी. कुणी भुलून क्लिक केलं, की त्याचा फोटो चहाच्या मशीनवर झळके आणि खाली ठळक अक्षरांत ‘आजचा बकरा’. धाक असला की माणसं हुशार होतात, असं त्याचं ठाम मत होतं. झालीही होती बिचारी हुशार, पण फक्त लपवाछपवीत.

त्या सकाळी खरा चोर आत शिरला. पेशंटांचे रिपोर्ट, नावं, पत्ते, सगळं भराभर बाहेर चाललं होतं. काउंटरवरच्या कुठल्या तरी कॉम्प्युटरवरून चाललंय, एवढंच जेलरला दिसत होतं. काउंटरवाले सगळे एकच पासवर्ड वापरत, त्यामुळे नेमका कुठला, हे कळायला मार्ग नव्हता.

“सगळंच बंद करतो,” तो मालकीण डॉक्टरबाईंना म्हणाला.

“बाहेर पेशंट ताटकळलेत. काउंटर बंद केलास तर उद्यापासून तुझंही दुकान बंद! कुठून शिरला ते शोध आधी.”

जेलर तावातावानं काउंटरवर गेला आणि गरजला, “कुणी केलं?”

सगळ्यांच्या माना खाली. एकजण तर बंद पडलेल्या प्रिंटरमध्ये डोकं घालून बसला.

घायकुतीला येऊन त्यानं वहिनीला फोन लावला. वहिनी नर्स. पोटात काय गेलंय, हे माणसाकडून वदवून घेण्यात तिचा हातखंडा.

“तुम्ही विचारलंत कसं?”

त्यानं गरजून दाखवलं.

“अहो भाऊजी, असं विचारलंत तर न केलेला गुन्हासुद्धा मी लपवीन! खुर्ची घ्या, शेजारी बसा, तब्येतीची चौकशी करा आणि मग जरा गप्प राहा.”

जेलर काउंटरवरच्या सगळ्यात जुन्या काकूंशेजारी खुर्ची ओढून बसला. “काकू, तब्येत कशी आहे, क्लिक कुणी केलं?” तो एका दमात म्हणाला.

काकू दचकल्या. त्यानं जीभ चावली आणि गप्प झाला. गप्प बसणं हे इतकं कष्टाचं काम असेल, अशी त्याला कल्पनाच नव्हती. तिकडे रिपोर्ट चालले होते आणि इकडे त्याचा जीव टांगणीला लागला होता. शेवटी तो हळूच म्हणाला, “काकू, यापुढे कुणाचाही फोटो लावणार नाही. चुकलंच माझं ते.”

काकूंचे डोळे भरून आले. “माझ्याच कॉम्प्युटरवर आहे रे तो मेला. मीच त्याला पासवर्ड सांगितला.”

जेलरनं टेबलाखाली सूर मारून वायर उपटली. रिपोर्ट जायचे थांबले. त्याला इतकं हलकं वाटलं, की तो तिथेच फरशीवर बसून राहिला.

“पण काकू, मला तुम्ही ताकास तूर लागू देत नाही. त्याला पासवर्ड कसा सांगितलात?”

“फोन आला, कॉम्प्युटर विभागातून बोलतोय म्हणून. मी म्हटलं, मला बाई यातलं काही कळत नाही. तर म्हणाला, ‘काळजी नका करू काकू, मी आहे ना.’” काकूंनी नाक पुसलं. “तेव्हाच मला संशय यायला हवा होता. आपल्या विभागातलं कुणी असं बोलतं का?”