तोंडाला तोंड, पाठीला पाठ

शिपायाने चित्र चौकटीला धरून फरशीवरून फरफटत आणलं आणि भिंतीशी टेकवलेल्या दुसऱ्या चित्रावर रेलवलं. चित्राच्या पाठीवरची लोखंडी कडी आतल्या चित्रातल्या म्हातारीच्या गालावर कर्रकन घासली.

दारिनाने कोटाच्या खिशात हात आणखी खोल खुपसले.

हात लावायचा नाही, असं रायसा युखिमिव्नांनी सकाळीच बजावलं होतं. या संग्रहालयातली चित्रं त्यांनी चाळीस वर्षं सांभाळली होती. चित्रांच्या डागडुजीची विद्या दारिना त्यांच्याकडेच शिकली. त्यांचं घर संग्रहालयाच्या समोरच. रशियन शिपाई दारिनाला न्यायला आले, तेव्हा तिचा आठ महिन्यांचा ओस्ताप त्यांनीच कडेवर घेतला.

"किल्ली मागतील, दे," त्या म्हणाल्या होत्या. "नाहीतर दार फोडतील. पण चिंधीसुद्धा त्यांच्या हातात द्यायची नाही. चोराचं गाठोडं बांधतो तोही चोरच. उद्या हे जातील, आपल्याला इथंच राहायचंय."

"बाई, ही चित्रातली म्हातारी सारखी माझ्याकडेच बघतेय," दुसरा शिपाई दात काढत म्हणाला. "जावई करून घेते की काय!"

"तुला कोण पोरगी देतंय? उचल मुकाट्याने," पहिला म्हणाला.

राखाडी स्वेटरातला गृहस्थ यादीवर खुणा करत होता. तो सीमेपलीकडच्या एका संग्रहालयातून आला होता. बोलणं मऊ, नखं स्वच्छ.

"ट्रक दोनला सुटणार," तो म्हणाला. "तुम्ही बांधून दिलीत तर बरं. नाहीतर जातील तशीच."

"तुमच्याकडे अशीच रचतात चित्रं?"

त्याचे कान लाल झाले. "मला ट्रक मिळाले. जाणकार माणसं मिळाली नाहीत."

आता नदीतल्या लव्हाळ्याच्या बेटांचं चित्र निघालं. दोन हिवाळे दारिना त्यातल्या नदीच्या पाण्यावर वाकून बसली होती. सुटलेला रंग सुईच्या टोकाएवढ्या सरसाने, कण कण करून बसवला होता. शिपायाने चौकट धाडकन खाली टेकवली. नखाएवढी निळी खपली सुटून फरशीवर पडली. तिच्या शेजारीच त्याचा बूट आला.

दारिना वाकली. बोटाचं टोक ओलं करून तिने खपली उचलली, रुमालात घडी घातली. मग ती उभी राहिली, तेव्हा तिचे हात खिशाबाहेर होते.

"थांबा! तोंडाला तोंड लावा, पाठीला पाठ. मध्ये कापड. कड्या आधी काढायच्या. आणि तू, सासूबाईंचं पुरे, दोन्ही हातांनी धरायचं असतं!"

जावयाने दोन्ही हात लावले.

दालनाचे पडदे उतरवून तिने फाडले. कोपऱ्यांना कापूस बांधला. शिपाई सांगितलं तसं करत गेले. बाराच्या सुमाराला तिची छाती दुखू लागली, आतला सदरा ओला झाला. ओस्तापची दुधाची वेळ टळली होती. तिने कोटाची बटणं लावली आणि गाठी मारत राहिली. शेवटी ती स्वतः ट्रकमध्ये चढली. दोऱ्या तिला कुणाच्या हाती सोडवेनात.

रस्त्यापलीकडे माणसं जमली होती.

"बक्षीस काय देणार गं तुला, दारिना?" पाववाली ओरडली. "निदान पोराला साखर तरी माग!"

कुणी हसलं नाही. दारिनाने शेवटची गाठ ओढून पाहिली, तेव्हा आपली बोटं सोलली आहेत हे तिच्या लक्षात आलं. ती खाली उतरली आणि ट्रक निघून गेले.

रायसा युखिमिव्नांनी दार उघडलं. खिडकीतून त्यांनी सगळं पाहिलं होतं. 'आत ये' म्हणाल्या नाहीत. रडून लाल झालेलं पोर तेवढं पुढे केलं.

दारिना जिन्याच्या पायरीवर बसली आणि त्याला पदराखाली घ्यावं तसं कोटाखाली घेतलं. ओस्ताप अधाशासारखा पिऊ लागला. वर दार उघडंच होतं, पण पावलांचा आवाज येत नव्हता. तिने मान वर केली नाही. शिव्या येतील, दार लागेल, काहीतरी होईल, म्हणून ती वाट पाहत राहिली.

बऱ्याच वेळाने रायसा युखिमिव्ना कठड्याला धरून खाली आल्या. दोन पायऱ्या वर थांबल्या.

"चित्रं उभी ठेवलीस की आडवी?"

"उभी," दारिना म्हणाली. "कडा ट्रकच्या तोंडाकडे."

रायसा युखिमिव्नांनी मान हलवली. हळूहळू त्या दारिनाच्या शेजारी पायरीवर टेकल्या.

"नदीच्या घाटाकडच्या रस्त्याला खड्डे फार आहेत गं," त्या म्हणाल्या.